श्रद्धेचा जमाखर्च

धर्म आणि आधुनिक जीवन या विषयावर मराठीत जे लिहिले जाते त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील लेखक धर्माची थोरवी गातो. पण सोमवारी सकाळी कचेरीची वेळ झाली म्हणजे त्या थोरवीचे नेमके काय करावयाचे, हे सांगण्याचे विसरतो. दुसऱ्या वर्गातील लेखक धर्माच्या नावाने घडलेल्या अनर्थांची यादी देतो, आणि ती यादी खरी असल्यामुळे आपले काम संपले असे समजतो. एखादे शिकलेसवरलेले माणूस आपली श्रद्धा गंभीरपणे घेऊन भाड्याच्या घरात, बाजारात, संपाच्या सभेत, तुरुंगात वावरू लागले तर त्याचे काय होते, याचा तपास या दोघांपैकी कोणीच करीत नाही. त्याच्या भोवतालच्या माणसांचे काय होते, हा तर त्याहून अडचणीचा प्रश्न.

आम्ही स्वतः ज्या घरात वाढलो तेथे धर्म देवघराच्या उंबऱ्याशी थांबत असे. पुढे इंग्रजी वाङ्मय शिकलो व शिकवू लागलो, आणि धर्म ही खाजगी बाब आहे हे मत आम्हांस इतके स्वयंसिद्ध वाटू लागले की त्याला पुरावा लागतो हेच आम्ही विसरलो. डोरोथी डे या अमेरिकन कॅथॉलिक बाईंचे ‘द लाँग लोनलिनेस’ हे आत्मचरित्र आमच्या हाती आले ते अशा मनःस्थितीत. ते १९५२ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते आजवर तीनदा वाचले. पहिल्या वाचनात आम्ही भारावलो, दुसऱ्यात चिडलो, आणि तिसऱ्या वाचनानंतर हा लेख लिहिण्यास बसलो आहोत.

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांना कॅथॉलिक पंथ परका नाही, निदान त्याचा बाहेरचा भाग तरी. मुले कॉन्व्हेंटात गेलेली असतात, वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा पाहिलेली असते, वसईच्या वाडीतून फुले नि भाजी येते, गोव्यातील देवळांइतकीच तेथील चर्चेही आपण सहलीत पाहतो. तथापि कॅथॉलिक माणूस आठवड्याचे सहा दिवस आतून कसा जगतो हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांस उत्तर देता यावयाचे नाही. डोरोथीबाईंचे पुस्तक ती आतली बाजू दाखविते. शिवाय त्या जन्माने कॅथॉलिक नव्हत्या. म्हणून जन्मजात श्रद्धाळूला जे सांगावेसे वाटत नाही, ते त्यांस सांगावे लागले आहे.

त्यांचा जन्म १८९७ सालचा, ब्रुकलिनमधला. वडील वृत्तपत्रात खेळांविषयी लिहीत. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप त्यांनी लहानपणी जवळून अनुभवला, आणि त्या दिवसांत अनोळखी माणसे एकमेकांस घरातले अन्नवस्त्र कशी देत होती ही आठवण त्यांच्या मनात कायमची राहिली. दोन वर्षे विद्यापीठात काढून त्या न्यूयॉर्कला समाजवादी पत्रांत काम करू लागल्या. १९१७ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी निदर्शने करून त्या तुरुंगात गेल्या, तेथे अन्नत्याग केला, आणि त्याच तुरुंगात त्यांनी बायबलातील स्तोत्रे वाचली. श्रद्धा नसताना वाचली, एवढे त्या प्रामाणिकपणे नमूद करतात. हा पहिला भाग वाचनीय आहे. पण तशा प्रकारचे तारुण्य इतरांनीही लिहिले आहे. त्यावर आम्ही येथे थांबत नाही.

पुस्तकाचा खरा प्राण दुसऱ्या भागात आहे. स्टेटन आयलंड बेटाच्या किनाऱ्यावर डोरोथीबाईंनी एक झोपडीवजा घर घेतले होते. तेथे त्या फॉर्स्टर बॅटरहॅम नावाच्या तरुणाबरोबर राहत. हा गृहस्थ जीवशास्त्राचा अभ्यासक, मतांनी अराजकवादी. लग्न, सरकार आणि देव या तिन्ही संस्था त्यास सारख्याच अमान्य. मात्र समुद्र, मासे, पक्षी, तारे यांवर त्याचे विलक्षण प्रेम. डोरोथीबाईंनी या दिवसांचे वर्णन केले आहे ते इतके निवांत आणि इतके निरोगी आहे की पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाचक तेथे रेंगाळतो. या भागाला त्यांनी ‘नैसर्गिक सुख’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. आणि येथेच पुस्तकातील सर्वांत मोठा विरोधाभास येतो. देव न मानणाऱ्या या माणसाच्या सृष्टिप्रेमानेच आपणांस सृष्टीच्या कर्त्याकडे नेले, असे त्या म्हणतात. दुःखाने खचलेली माणसे देवाकडे वळतात हे आपण नेहमी ऐकतो. येथे सुख इतके झाले की आभार कोणाचे मानावेत हा प्रश्न पडला. १९२६ च्या मार्चमध्ये मुलगी झाली, तिचे नाव टमार. आणि त्या आनंदाच्या भरात आईने ठरविले की आपण जसे वर्षानुवर्षे चाचपडलो तसे हिने चाचपडू नये, हिचा बाप्तिस्मा व्हावा.

या निर्णयाचा अर्थ काय होणार हे दोघांनाही कळत होते. मुलीमागून आई जाणार, आणि आई कॅथॉलिक झाली की लग्नाशिवाय एकत्र राहणे संपणार. फॉर्स्टर तर लग्नास तयार नाही. सिस्टर अलॉयशिया नावाची एक जोगीण वाळूतून चालत येऊन या शिकलेल्या बाईंस धर्मप्रश्नोत्तरे पाठ करावयास लावी आणि चुकल्या तर रागावे, हा प्रसंग आम्हांस फार आवडला. १९२७ च्या ऑगस्टात सॅको आणि व्हान्झेटी या दोघा अराजकवाद्यांस विजेच्या खुर्चीत मृत्यू दिला गेला. फॉर्स्टर कित्येक दिवस मुका झाल्यासारखा झाला. अशा वेळी, ज्या चर्चला त्याचे सारे मित्र श्रीमंतांचे चर्च म्हणत, त्या चर्चमध्ये त्याची जिवाची सहचारिणी जाण्याच्या तयारीत होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात ती गेली. बाप्तिस्म्याच्या त्या दिवसाचे वर्णन वाचावे. ना प्रकाश, ना अश्रू, ना शांती. कोरड्या मनाने, आपण कामकरी वर्गाशी फितुरी करीत आहोत की काय या शंकेसह, त्या विधी उरकून घेतात. धर्मांतराच्या कथांत इतके निरुत्साही आणि म्हणूनच इतके विश्वसनीय पान आम्ही दुसरे वाचलेले नाही.

तिसरा भाग सार्वजनिक कार्याचा. १९३२ च्या डिसेंबरात, मंदीच्या ऐन काळात, वॉशिंग्टनमधील भुकेल्यांच्या मोर्च्याचा वृत्तांत लिहावयास त्या गेल्या, आणि मोर्च्यात कॅथॉलिक म्हणून कोणीच कसे नाही या खेदाने तेथील देवालयात प्रार्थना करून परतल्या. तो पीटर मॉरीन नावाचा एक फाटका, बोलका फ्रेंच शेतकरी त्यांच्याकडे येऊन ठेपला. संतांची वचने, पोपची मजुरांविषयीची पत्रे आणि स्वतःची पद्यमय सूत्रे यांखेरीज त्याच्यापाशी काही नव्हते. त्याच्या प्रेरणेने १९३३ च्या मे दिनी ‘कॅथॉलिक वर्कर’ हे पत्र न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका सेंटला विकले गेले. पहिल्या अंकाच्या अडीच हजार प्रती निघाल्या. तीनेक वर्षांत खप लाखावर गेला. लिहिल्याप्रमाणे वागा असे म्हणत लोक दाराशी येऊ लागले, म्हणून अन्न आणि निवारा देणारी घरे निघाली.

या घरांना मराठीत काय म्हणावे यावर आम्ही बराच विचार केला. अन्नछत्र म्हणावे तर अन्नछत्राचा धनी तेथे जेवत नाही. धर्मशाळा म्हणावी तर तिचा बांधणारा तेथे राहत नाही. डोरोथीबाई त्याच छपराखाली राहत, तेच सूप घेत, लोकांनी टाकलेले तेच कपडे वापरीत. दारुड्यांच्या शिव्या, ढेकूण, न भरलेले भाडे, सारे त्यांच्याही वाट्यास येई. आणि या सर्वांस त्या समाजसेवा म्हणत नसत. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, बेघरास निवारा ही कॅथॉलिक परंपरेतील दयेची कृत्ये त्यांच्या मते मिस्सा किंवा जपमाळ यांच्याइतकीच धर्माची नित्यकर्मे होती. रोजची मिस्सा आणि रोजचे सूप यांत त्यांनी भेद केला नाही. आमच्यासारख्या देवघर एकीकडे व दिवाणखाना एकीकडे ठेवणाऱ्यास ही गोष्ट प्रथम गोंधळाची वाटली, मग आकर्षक, आणि मग भीतिदायक.

भीतिदायक अशासाठी की, एकदा ही भिंत पडली की मनुष्य कोठे थांबेल याचा नेम राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावरही या बाईंनी आपल्या पत्रातून शस्त्र न उचलण्याचाच उपदेश चालू ठेवला; खप कोसळला, अनेक घरे बंद पडली, जवळचे सोबती सोडून गेले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताच्या दफनभूमीतील खोदकऱ्यांनी संप केला, आणि कार्डिनल स्पेलमन यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून खड्डे खणून घेतले, तेव्हा चर्चच्या शिकवणीत तसूभरही फेरफार न मागणाऱ्या या बाई संपकऱ्यांच्या बाजूस उभ्या राहिल्या आणि कार्डिनलसाहेबांस त्यांनी सरळ पत्र लिहिले. १९५५ पासून अणुबाँबच्या सरावाच्या वेळी तळघरात न जाता उद्यानातल्या बाकावर बसून राहिल्याबद्दल त्या पुनःपुन्हा पकडल्या गेल्या. १९६० मधील एक गोष्ट तर कोणाही मध्यमवर्गीय गृहस्थास झोप न येऊ देणारी आहे. शहराने त्यांचे एक घर सार्वजनिक कामासाठी घेतले व मोबदला दिला. तो देण्यास उशीर झाला म्हणून वर साडेतीन हजारांहून अधिक डॉलर व्याज दिले. बाईंनी व्याज तेवढे परत पाठविले. पैशावर पैसा घेणे जुन्या ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही, आणि ती शिकवण आम्ही मानतो, इतकेच त्यांचे म्हणणे. आमची मुदतठेव कोणत्या दराने वाढते आहे हे आम्ही त्याच आठवड्यात बँकेत विचारून आलो होतो. म्हणून ही हकीकत आम्हांस विशेष लागली.

महात्मा गांधींच्या मृत्यूनंतर १९४८ साली त्यांनी आपल्या पत्रात लिहिलेला शोकलेख, आणि १९७० साली कलकत्त्यास येऊन मदर तेरेसांची त्यांनी घेतलेली भेट, हे आपल्या देशाशी त्यांचे दोन धागे. अहिंसा हा त्यांच्या दृष्टीने राजकारणाचा डाव नव्हता, ती त्यांच्या धर्माची साधी मागणी होती. त्यामुळे गांधींचे परकेपण त्यांस वाटले नाही यात नवल नाही.

आता आमच्या तक्रारीकडे वळतो. वाङ्मय म्हणून तिसरा भाग दुसऱ्याच्या तोलाचा नाही. माणसे येतात, त्यांची नावे सांगितली जातात, एखादा संप, एखादी शेती-वसाहत येते आणि जाते. पत्रकाराची घाई येथे लेखिकेवर मात करते. पीटर मॉरीनचे चित्र तेवढे ठसठशीत उतरले आहे. अखेरच्या वर्षांत विचारशक्तीच गमावून बसलेला हा विचारवंत, आणि दुसऱ्याने टाकलेल्या पोशाखात त्याचे झालेले दफन, ही पाने विसरता येत नाहीत. पण तक्रार याहून खोल आहे. पुस्तकाची सुरुवात पापनिवेदनाच्या वर्णनाने होते आणि साऱ्या पुस्तकाचा घाटही तोच आहे. पापनिवेदनाचा नियम असा की मनुष्याने आपले सांगावे, दुसऱ्याचे सांगू नये. हा नियम धर्मदृष्ट्या थोर आहे. आत्मचरित्रास तो पुरत नाही. पापनिवेदनाच्या पेटीत साक्षीदार नसतात. फॉर्स्टरला काय वाटले, तो दाराशी येऊन परत कसा गेला, हे आपणांस फक्त सोडून जाणारीच्या तोंडून कळते. आणि टमार? तिसऱ्या भागात ती अधूनमधून दिसते. ज्या घरात कोणालाही नाही म्हणावयाचे नाही अशा घरात वाढणाऱ्या मुलीस स्वतःच्या आईचा वाटा किती मिळाला, हे पुस्तक विचारत नाही. तारुण्यातील आपला गर्भपात आणि अल्पकाळ टिकलेले एक लग्न या गोष्टीही बाईंनी येथे गाळल्या आहेत. गर्भपाताची कथा त्यांनी १९२४ च्या आपल्या कादंबरीत पूर्वीच रूपांतराने सांगितली होती. ते गाळणे आम्ही त्यांच्या पदरी दोष म्हणून घालीत नाही. तो त्यांचा अधिकार. मुलीचा हिशेब गाळणे मात्र आम्हांस खुपते.

हे खुपण्याचे कारण आमच्याच घरात आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. १९७५ च्या आणीबाणीत आमचे वडील काही महिने कारागृहात होते. त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयी पुढे अनेक सभांतून आम्ही ऐकले, आणि अभिमानाने ऐकले. त्या महिन्यांत आईने शेजारून उसन्या आणलेल्या पिठाविषयी कोणी भाषण केले नाही. आईनेही केले नाही.

मराठी वाचकास येथे एका पुस्तकाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड ना. वा. टिळक कॅथॉलिक नव्हते. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत. पंथ वेगळा, देश वेगळा, पण प्रसंग तोच. दोघांपैकी एकाची श्रद्धा बदलते आणि घर दुभंगते. फरक इतकाच की तेथे लेखणी जाणाऱ्याच्या हाती आहे, येथे मागे राहिलेलीच्या. सोवळ्यापायी मीठसाखरही धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरातून आलेली ही बाई, नवरा ख्रिस्ती झाल्यावर काय काय सोसते आणि पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या बुद्धीने, जातिभेद टाकून त्याच वाटेवर कशी येते, हे सर्व ती हसत हसत सांगते. टिळकांचे औदार्य, टिळकांचा राग, टिळकांच्या घरी येणारी माणसे, दुष्काळातील अनाथ पोरे, हे सारे डोरोथीबाईंच्या घरासारखेच आहे. पण लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात औदार्याच्या प्रत्येक प्रसंगी स्वयंपाकघरातील डबे आपणांस दिसतात. त्यांत काय आहे आणि काय नाही हे आपणांस कळते. संताच्या शेजारी राहणे म्हणजे काय, ते त्या संताविषयीचे प्रेम यत्किंचितही कमी न करता त्या सांगतात. आमच्या मते धर्म जगणे या विषयावरील साऱ्या वाङ्मयात हा दुर्मिळ गुण आहे, आणि तो गुण एका अमेरिकन बाईंच्या पुस्तकात नाही म्हणून रागावण्यापेक्षा तो आपल्या भाषेत आहे याचा आनंद मानावा हे बरे.

मात्र न्यायाची गोष्ट अशी की, डोरोथीबाईंचा खर्चाचा रकाना कायमचा कोरा राहिला नाही. त्यांचे निधन १९८० साली झाले. पंचवीस वर्षे बंद ठेवलेल्या त्यांच्या रोजनिश्या २००८ साली आणि पत्रे २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे, १९३२ पर्यंत, त्या फॉर्स्टरला लग्न कर म्हणून विनवीत होत्या, हे त्या पत्रांत आहे. आत्मचरित्रात एका निश्चयी वाक्यात मिटलेले प्रकरण प्रत्यक्षात पाच वर्षे उघडे होते. ती पत्रे वाचल्यावर आमचा बराचसा राग उतरला. ज्या बाईंस आम्ही कठोर समजत होतो त्या रात्री बसून प्रेमपत्रे लिहीत होत्या.

आणि १९५९ साली फॉर्स्टरची पुढील सहचारिणी कर्करोगाने अंथरुणास खिळली, तेव्हा त्याने बोलावणे पाठविले ते डोरोथीबाईंसच. त्या गेल्या, आणि शेवटपर्यंत तिची शुश्रूषा करीत राहिल्या. ज्या माणसास धर्मासाठी सोडले त्याच्याच घरी, त्याच धर्माच्या आज्ञेने, दुसऱ्या स्त्रीच्या उशाशी बसणे आले. हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्यास अतिरेकी म्हटले असते.

टमारची बाजू यावयास आणखी वेळ लागला. अठराव्या वर्षी तिचे लग्न झाले, नऊ मुले झाली. ती विणकाम करी, बाग करी, आणि पुढे आईच्या चर्चपासून दूर गेली. तिच्या सर्वांत धाकट्या मुलीने, केट हेनेसी हिने, २०१७ साली आजी आणि आई या दोघींवर एक पुस्तक लिहिले. त्यात आजीची पूजा नाही आणि आजीची झडतीही नाही. आईची गप्प राहण्याची सवय आणि आजीची बोलण्याची सवय अशी एकासमोर एक ठेवलेली आहे. चर्चने डोरोथीबाईंच्या संतपदाचा विचार २००० सालीच सुरू केला असून त्या कामी असंख्य कागद गोळा झाले आहेत. अशा चौकशीत पुराव्याचे कागद कोणते धरतात हे आम्हांस ठाऊक नाही. पण नातीचे हे पुस्तक त्यांत असावे असे आम्हांस वाटते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मूळ आत्मचरित्राची एकच प्रत आहे. तिच्या शेजारी नातीचे पुस्तक ठेवावे अशी चिठ्ठी आम्ही ग्रंथपालांस दिली आहे, आणि मराठीच्या कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ही तेथेच आणून ठेवा, असे तीत खाली लिहिले आहे. इंग्रजीच्या कपाटात मराठी पुस्तक ठेवता येत नाही, असे त्यांचे उत्तर आले आहे.